दांडी नसलेलं इंजिन

माझ्या इंजिनाला रिव्हर्सची दांडी नाही. नाही म्हणजे नाही. ती बसवायची राहिलेली नाही, मी ती विसरलेलो नाही, हरवलेलीही नाही, ती नसतेच. हे मी इमारतीतल्या प्रत्येक माणसाला निदान एकदा सांगितलं आहे. खालच्या मजल्यावरच्या सेक्रेटरींना तर इतक्या वेळा, की त्यांच्या जागी भिंत असती तर तिला एव्हाना पाठ झालं असतं. तरी जिन्यात भेटले की हे गृहस्थ विचारणारच, "म्हणजे मागे न्यायला हातानं ढकलायचं? मग इंजिन कशाला?"

तर हे इंजिन म्हणजे काय ते एकदाच नीट सांगतो. वाचणाऱ्यानं वैतागू नये. मी वैतागलेला आहे तेवढं पुरे. हातभर लांबीचं, पितळेचं आणि पोलादाचं, स्पिरिटच्या दिव्यावर पाणी उकळून खऱ्या वाफेवर चालणारं हे रेल्वेचं इंजिन आहे. खेळणं नव्हे. खेळणं म्हणणाऱ्यांना मी घरात चहा विचारत नाही. वाफ सिलिंडरच्या कधी या अंगाला, कधी त्या अंगाला सोडावी लागते आणि ते काम एक व्हॉल्व्ह करतो. व्हॉल्व्हला हलवणारी एक चकती असते. तिचं भोक मधोमध नसून जरा बाजूला असतं, त्यामुळे ती फिरताना लंगडते आणि व्हॉल्व्हला मागेपुढे करते. तिला एक्सेंट्रिक म्हणतात. हा शब्द आमच्या घरातही चालतो, पण चकतीसाठी नाही.

मोठ्या इंजिनात दिशा बदलायला सळया, सांधे आणि दांड्यांचं जंगल असतं. माझ्या पद्धतीत, म्हणजे स्लिप एक्सेंट्रिकमध्ये, त्यातलं काही नाही. चकती चाकांच्या आसावर सैल ठेवायची. शेजारी एक कॉलर, म्हणजे पोलादी कडं, स्क्रूनं आसाला घट्ट बसवायची आणि तिला एक खुंटी. आस फिरला की खुंटी चकतीला मागून ढोसते आणि फरफटत नेते. उलट जायचं असेल तर इंजिन हातानं मागे ढकलायचं. खुंटी जवळजवळ अर्धा फेरा रिकामी फिरते, चकतीला दुसऱ्या बाजूनं गाठते आणि वाफेचं सगळं गणित उलटं होतं. मग वाफ सोडा, इंजिन मागे निघालं. मात्र ढकलायचं ते पुरतं. अर्धवट ढकललं तर चकती आपल्या जागी बसून राहते आणि इंजिन पुन्हा पुढेच जातं. एवढं साधं, एवढं सुंदर आहे हे. आणि लोक विचारतात दांडी कुठाय.

इंजिन बाकी तयार होतं, फक्त ही चकती आणि कॉलर बसवायची होती. ते काम मी माझ्या गतीनं केलं असतं. पण एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ही म्हणाली, आईला कायमचं इकडे आणावं म्हणते, मागची खोली तिला देऊ. मागच्या खोलीत माझं लेथ मशीन आहे. माझा बाक आहे, कानशी आहेत, भिंतीवर मापानं टांगलेले पाने आहेत. अख्ख्या जगात मला कुणी प्रश्न विचारत नाही अशी तेवढी एकच जागा आहे. ही पुढेही काही सांगत होती, पण तळपायाची आग मस्तकात गेली की माणसाचे कान बंद होतात. त्यातच वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आमची शिडी परत करायला दारात उभे होते, आणि शिडी गच्चीच्या जिन्यात ठेवल्याबद्दल बोलायला सेक्रेटरी त्यांच्या मागे.

मला प्रेक्षक मिळाले की माझी जीभ सुटते. मी म्हणालो, येत्या रविवारी हे इंजिन गच्चीवर सगळ्यांसमोर पुढे धावेल आणि मागेही धावेल. धावलं तर खोली माझी, आईंनी हॉलमध्ये सोफ्यावर झोपावं. नाही धावलं तर मी स्वतः खोली रिकामी करून देईन. हिनं ताट उचललं आणि एवढंच म्हणाली, "डॉक्टर, ऐकलंत ना?" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या इमारतीला आमंत्रण गेलेलं होतं. ते मी दिलं नव्हतं.

कॉलर मी लेथवर झकास कातली. तिचा स्क्रू मात्र अर्ध्यात अडकला आणि त्याच्या डोक्याची खाच झिजून गुळगुळीत झाली. हे डॉक्टरांना कसं कळलं देव जाणे, पण ते आपली हत्यारं घेऊन हजर. म्हणाले, असली मुळं मी रोज काढतो. इंजिन टेबलावर उताणं, चाकं वर, आणि हे कपाळाला दिवा बांधून त्याच्या पोटात वाकलेले. सवयीनं एकदा "दुखलं तर हात वर करा" असंही म्हणाले. स्क्रू निघाला, हे मी नाकारत नाही. पण त्याच झटक्यात कॉलरची खुंटी उडाली, टणटण करत स्वयंपाकघरात गेली आणि फ्रिजखाली दिसेनाशी झाली. डॉक्टर म्हणाले, अशा वेळी घाबरून जायचं नाही. घाबरलं होतं कोण? मी चिडलो होतो.

आम्ही दोघांनी फ्रिज ओढला. फ्रिजच्या मागे पाण्याच्या फिल्टरची नळी असते, ही गोष्ट फ्रिज ओढायच्या आधी आठवली तर तिचा काही उपयोग. नळी निखळली. खुंटी सापडली, पण तोवर स्वयंपाकघरात घोट्याएवढं पाणी, आणि ते खालच्या मजल्याला झिरपू लागलेलं. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नोकरी करतो. लोकांच्या गळत्या शोधून त्यांना नोटिसा पाठवणं हेच माझं काम. आणि माझ्या घरातली गळती शोधत कोण आलं, तर डोक्यावर टॉवेल घेतलेले सेक्रेटरी.

पाण्याबद्दल ते फारसं बोलले नाहीत. त्यांचं लक्ष टेबलाकडे गेलं होतं. हा गोल डबा कशाचा, म्हणाले. बॉयलरचा, मी म्हणालो. खरं बोलायची खोड, दुसरं काय. ते तिथल्या तिथे ताठ झाले. राहत्या इमारतीत बॉयलर? तपासणी कचेरीची परवानगी आणल्याशिवाय गच्चीची किल्ली मिळणार नाही. डॉक्टरांनी यावर मान डोलावली. स्वतः आग लावायची आणि मग पाण्याच्या बादलीला मान डोलवायची, असा हा मनुष्य.

एका दिवसाची रजा काढून, बॉयलर पिशवीत घालून, मी तपासणी कचेरीत गेलो. रजेच्या अर्जावर कारण काय लिहिलं ते विचारू नका. तिथल्या साहेबांनी पिशवीत न बघता प्रश्न सुरू केले. चिमणीची उंची किती? म्हटलं, माझ्या करंगळीएवढी. "जमिनीपासून?" त्यांनी विचारलं. मग बॉयलरवर माणसं किती? मी एकटा. मग रात्रपाळीला कोण असतं? मी बॉयलर काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो उलटा केला, हलवून पाहिला आणि शेजारच्या बाईंना दाखवला. बाई म्हणाल्या, हे तर खेळणं आहे, याला लहान मुलांच्या सुरक्षेचा शिक्का लागेल, तो आपल्याकडे नसतो. खेळणं. भर कचेरीत. मी काय बोललो ते इथे सांगत नाही, पण आजूबाजूच्या टेबलांवरची कामं थांबली.

शेवटी साहेबांनाच दया आली. किंवा त्यांच्या जेवणाची वेळ झाली असावी. ते म्हणाले, बॉयलर असेल तर नियम मोठे, खेळणं असेल तर खातं वेगळं. पण स्वयंपाकाच्या भांड्याला कुणाचीच परवानगी लागत नाही. प्रेशर कुकरला आम्ही कधी विचारतो का? हे भांडं आहे असं म्हणा आणि सुटा. मी बॉयलर जवळ ओढून घेतला. "म्हणा की," साहेब म्हणाले. आणि मी, दोन वर्षं रात्रंदिवस ज्याचे सांधे चांदीच्या डागानं जोडले त्या बॉयलरवर हात ठेवून, भरल्या कचेरीत म्हणालो की हे भांडं आहे. अडला हरी, झालं. भांड्याला परवानगी लागत नाही हे ऐकून सेक्रेटरींनी गच्चीची किल्ली दिली, वर विचारलं, शिट्ट्या किती होतात?

शुक्रवारी चकती, कॉलर, खुंटी सगळं जागेवर बसवलं. दिवा न पेटवता सायकलच्या पंपानं हवा भरून चाचणी घेतली. इंजिन पुढे ढकललं. ते गचका देऊन मागे आलं आणि थांबलं. मागे ढकललं, तर पुढे गचका आणि ठप्प. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. चालायचं नाही म्हणून हटून बसलेलं. मी मापं तपासली, चकती तपासली, व्हॉल्व्ह उघडून पाहिला. सगळं बिनचूक, आणि घोडं पेंड खातंय कुठे ते कळेना. डॉक्टर म्हणाले, तेल कमी पडतंय. सेक्रेटरी म्हणाले, एक दांडी लावून टाका. मी दोघांनाही दार दाखवलं. दार दाखवलं म्हणजे उघडून धरलं, शेजारधर्म मला कळतो.

शनिवारी दुपारी सासूबाई आल्या. त्या मुख्याध्यापिका होत्या, आणि निवृत्त झाल्या त्या फक्त शाळेतून. पुढच्या आठवड्यात येणार होत्या, पण हिनं गाडी पाठवून आधीच आणलं. दारातून हॉलपर्यंत त्या भिंतीवरून हात फिरवत आल्या. मला वाटलं धूळ तपासताहेत. सोफ्यावर बसल्या, ट्रंक पायाशी ठेवली आणि टेबलावर उताण्या पडलेल्या इंजिनाकडे बघत राहिल्या. ही वाणसामान आणायला बाहेर पडली आणि मी मनाची तयारी केली. आता हिची आई माझी हजेरी घेणार.

पण त्यांनी विचारलं भलतंच. "हे चाललं तर खोली तुमची राहणार?"

मी म्हटलं, हो, आणि त्यात मला जराही लाज वाटत नाही.

"वाटू नये. मला नकोच आहे तुमची खोली." त्या म्हणाल्या. "माझं घर आहे, माझी पुस्तकं आहेत. मला कुणी विचारलं नाही, उचलून आणलं. हे चाललं तर मी सोफ्यावर झोपणार नाही म्हणून सांगेन आणि परत जाईन. मग तिला बोलायला तोंडच राहणार नाही. तेव्हा जावईबापू, हे चालवा."

लग्नानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आमचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं. त्यांनी खुर्ची ओढून घेतली, विजेरी हातात धरली आणि मला शाळेतल्यासारखं पहिल्यापासून समजावून सांगायला लावलं. मी चाकं फिरवत सांगू लागलो: हे बघा, इंजिन पुढे जाताना चाक असं फिरतं. त्या म्हणाल्या, असं म्हणजे कसं? चाकं वर आहेत, ती खाली आल्यावर हे असंच फिरेल का?

मी चाक पाहिलं. हातातलं इंजिन सुलटं केलं, पुन्हा उताणं केलं. उताण्या इंजिनाचं चाक मी पुढे म्हणून फिरवत होतो, ते उभं राहिल्यावर मागे जाणारं होतं. पुढचं सगळं गणित मी मागच्या बाजूला बसवलं होतं, आणि तेही बिनचूक. दोन दिवस मी मापं तपासत होतो आणि मापांचा काही दोषच नव्हता. मला स्वतःचा इतका राग आला की पाना फेकून द्यावासा वाटला, पण भिंतीवर त्याची जागा ठरलेली आहे. कॉलर सैल करून अर्धा फेरा फिरवली, स्क्रू आवळला. हवा भरली. पुढे ढकललं, पुढे गेलं. पुरतं मागे ढकललं, मागे आलं. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत. सासूबाईंनी ते दोन्ही वेळा स्वतःच्या हातानं ढकलून पाहिलं. "आता जमलं," म्हणाल्या आणि विजेरी बंद केली. ही आली तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाठ करून बसलो होतो.

रविवारी गच्ची भरली. पाण्याच्या टाकीपासून कपड्यांच्या दोरीच्या खांबापर्यंत मी सरळ रूळ टाकले होते. सासूबाईंना जिना चढायला बराच वेळ लागला. कठडा दोन्ही हातांनी धरून एकेक पायरी. त्यांना टाकीच्या सावलीत खुर्ची दिली. मी दिवा पेटवला, वाफ धरू दिली, इंजिन पुढे ढकललं आणि वाफ सोडली. आणि ते गेलं. काय गेलं म्हणून सांगू. ठेक्यात, वाफ टाकत, चाकं लखलखत, थेट खांबाच्या वीतभर अलीकडे जाऊन मी वाफ बंद करताच थांबलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरींनीही वाजवल्या, अर्थात कुकरचा उल्लेख करून. सासूबाईंनी मान हलवली, इतकी थोडी की ती फक्त मला दिसावी. निम्मं काम झालं होतं. आता मागे.

मी खांबाशी वाकलो तेवढ्यात ही बॉयलरसाठी पाण्याची बाटली घेऊन आली. चेहऱ्यावर लोकांसाठी हसू आणि आवाज दातांतून.

"जिंकलात. उद्या ती जाईल परत."

जाऊ दे की, मी म्हणालो, त्यांना तेच हवंय.

"गेल्या महिन्यात न्हाणीघरात पडली ती. रात्रभर तिथेच होती, उठता येईना. सकाळी शेजारणीनं कडी तोडली. मला शेजारणीनं सांगितलं, आईनं अजून सांगितलेलं नाही. त्या दिवशी टेबलावर तेच सांगत होते, तर तुम्ही डॉक्टरांसमोर ओरडायला लागलात."

बाटली माझ्या हातात देऊन ती गेली. आणि मला राग आला. आधी हिचा आला, की हे सांगायला हिला आत्ताची वेळ सापडली. मग सासूबाईंचा आला. समोर बसून सगळं पहिल्यापासून समजावून घेणाऱ्या बाईंनी एवढं एक स्वतःकडे ठेवावं? भिंतीवरून हात फिरवत आल्या त्या धूळ बघायला नव्हे, हे मला आत्ता, गच्चीवर, चटके बसणाऱ्या इंजिनाशेजारी उकिडवं बसून कळावं? आणि सगळ्यात जास्त राग आला त्या इंजिनाचा, कारण ते चालत होतं. नसतं चाललं तर माझ्या हातात काही उरलं नसतं. आता सगळंच माझ्या हातात होतं. डॉक्टर ओरडले, "चला, रिव्हर्स!" उंटावरून शेळ्या हाकायला यांचं काय जातंय.

मी इंजिन मागे ढकललं. दोन बोटं. अडीच असेल. त्याहून जास्त नाही. आणि वाफ सोडली.

इंजिन पुढे गेलं. जाऊन खांबावर आदळलं. चिमणी वाकली, समोरची पट्टी चेपली, आणि दोरीवर कुणाची तरी चादर वाळत होती ती त्याच्यावर पडली. गच्चीवर सगळे एकदम बोलू लागले. सेक्रेटरी म्हणाले, मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, दांडी पाहिजे. डॉक्टर म्हणाले, मुळातच काहीतरी कुजलेलं असणार. ज्यांना इंजिनाचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं हे कळत नाही त्यांनीही मत दिलं. मी चादरीतून इंजिन काढत होतो आणि बोटं भाजत होती. त्या अर्ध्या मिनिटात मी जेवढा राग गिळला तेवढा जन्मात गिळला नव्हता.

सासूबाई मात्र खुर्चीतून उठल्या. टाकीला हात टेकून, वर्गात बोलल्यासारख्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "इंजिन मागे येतं. मी काल पाहिलंय. यांनी पुरतं ढकललंच नाही, मुद्दाम."

अख्खी गच्ची गहिवरली. सासू असावी तर अशी, सेक्रेटरी म्हणाले, स्वतःची खोली गेली तरी चालेल पण जावयाची लाज राखते. कुणीतरी त्यांच्यासाठी पाणी आणलं. त्या पुन्हा म्हणाल्या की मी लाज राखत नाही, मी खरं सांगते आहे, आणि प्रत्येक वाक्यागणिक लोकांचा त्यांच्याबद्दलचा आदर वाढत गेला. रागानं त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि हीसुद्धा.

मी उभा राहिलो. वाकडी चिमणी हातात होती.

"नाही आई," मी म्हणालो. "इंजिनातच खोट आहे."

हे वाक्य मी याआधी कधी बोललो नव्हतो. ते खरंही नव्हतं.

संध्याकाळी मी पाने भिंतीवरून उतरवले, कानशी गुंडाळल्या, बाक बाल्कनीत नेला. ही मदतीला आली नाही. स्वयंपाकघरात भांडी जोरजोरात घासत होती आणि मधूनच नाक ओढत होती. सासूबाई खोलीच्या दारात काठी टेकून उभ्या होत्या. काठी ट्रंकेत होती म्हणे, आल्यापासून बाहेर काढली नव्हती. मी काय काय उचलतो ते त्या बघत होत्या. मग म्हणाल्या, "खोटारडे आहात तुम्ही." मी म्हटलं, तुम्ही पडलात ते कुठे सांगितलंत? तुम्हीही तशाच.

त्या काठी टेकत खोलीत आल्या, भिंतीवरून हात फिरवत खिडकीपर्यंत गेल्या आणि बाहेर पाहिलं. मग लेथ मशीनवर काठी आपटली.

"हे हलवा इथून. माझा पलंग खिडकीशी लागतो."

मी डॉक्टरांना आणि सेक्रेटरींना हाक मारली. मशीन उचलायला तिघं लागतात. दोघंही दांडीबद्दल बोलत बोलत एक वरून, एक खालून आले, आणि मी शिव्या घालत माझं टोक उचललं.